कुंडी भंडाऱ्याचं तिकीट आणि वरची शेतं

बुऱ्हाणपूर म्हटलं की पर्यटकाला मुमताज आठवते. 1631 मध्ये ती इथेच वारली. मग किल्ला, आहुखाना, फोटो, फार तर मावा जिलेबी, आणि अंधाराआधी गाडी परत. शहराचा खरा ऐवज मात्र जमिनीखाली आहे. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास घडवलेला कुंडी भंडारा! सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी भुयारात गोळा करून विहिरीसारख्या शंभरावर कुंड्यांखालून निव्वळ उतारावर शहरात आणलेलं. ना मोट, ना पंप. खाली उतरलं की भिंतींवर क्षारांचे पांढरे थर दिसतात.

2024 मध्ये भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. आता गर्दी वाढेल, पण नुसतं कुंपण घालून तो टिकणार नाही. त्याचं पाणी वरच्या शिवारात मुरतं. तिथे उपसा वाढला, ओढे बुजले, की खाली कोरडं भुयार. म्हणून तिकिटाच्या पैशातला वाटा वरच्या गावांतल्या बांधबंदिस्तीला जावा, आणि भंडारा दाखवणारे वाटाडेही तिथलेच असावेत. केळी पिकवणाऱ्याला या चिल्लरचं काय अप्रूप, असं कुणी विचारेल. पैशाचं नसेलही; पण जे पाणी भुयारात येतं तेच त्याच्या विहिरीतही येतं, आणि केळीला उन्हाळाभर पाणी लागतं. दुसरा आक्षेप असा, की गावचे वाटाडे दंतकथाच रंगवतात. रंगवतात खरं! त्यांना इतिहास शिकवता येईल. उलट कुठल्या कुंडीचं पाणी कधी उतरतं, हे शेजारी राहणाऱ्यालाच दिसतं; भोपाळहून आणलेल्या गाइडला ते कुठून कळणार?