दाब ओळखणारी लेखणी

अक्षराला जाडी-बारकी देणारा खरा कारागीर म्हणजे हात. बोरूच्या तिरप्या छाटणीनें ती साधते, पोलादी टांकाच्या दाबानें साधते. संगणकाच्या माउसला मात्र हाताचा हा दाब कळत नाहीं. ही उणीव पेन टॅब्लेट या पाटीनें दूर केली. तरीही 'यांत चित्र यंत्रच काढतें, मूल नव्हे' असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो, आणि मुलाचा हट्ट ऐकण्यापूर्वींच मोडला जातो.

वस्तुतः पाटीची रचना समजण्यासारखी आहे. या पाट्यांसाठीं प्रसिद्ध असलेली वॅकॉम कंपनी जपानांत १९८३ मध्यें स्थापन झाली. तिच्या पाटीखालीं तारांचें जाळें असतें. त्यांतून उत्पन्न होणारें चुंबकीय क्षेत्र लेखणींतील वेटोळ्यास शक्ति पुरवतें. म्हणून लेखणीस बॅटरी लागत नाहीं. टोंक दाबलें कीं लेखणीचा प्रतिसाद बदलतो. आजच्या अनेक पाट्या दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतात.

तो दाब रेघेंत उतरवण्याचें काम सॉफ्टवेअरचें. त्यांपैकीं 'क्रिटा' विनामूल्य मिळतें. स्वीडिश भाषेंत या शब्दाचा अर्थ खडू. शिवाय महाभारतांतील 'कृत' या शब्दाचीही त्यास प्रेरणा आहे, असें सांगतात. द्यूतांत कृत हें सर्वांत श्रेष्ठ दान!

हातानेंच काढण्याचा आग्रह कां, हें आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील काठी येथील राजवाडी होळींत कळतें. तेथें नाचणारे अंगावर ठिपके रंगवतात. हातानें उमटलेले दोन ठिपके तंतोतंत सारखे नसतात. संगणकावर तीच नक्षी काढतांना एक ठिपका शेंकडों वेळां चिकटवण्याचा मोह होतो, आणि नक्षी निर्जीव होते. काठीच्याच मुलानें दाब ओळखणाऱ्या लेखणीनें एकेक ठिपका ठेवला, तर त्याचा हात चित्रांत राहील.

पालकांस दोन सूचना. क्रिटामध्यें हाताची थरथर झांकणारी 'स्टॅबिलायझर' ही सोय आहे. शिकतांना ती बंद ठेवावी. दाबाचा आलेख मात्र मुलाच्या हाताप्रमाणें बसवून द्यावा. पेन्सिल व कागद सुटूं देऊं नये. चुकलेली रेघ पाटीवर क्षणांत नाहींशी करतां येते; कागदावर तिचा माग उरतो, आणि पुढची रेघ मूल अधिक जपून काढतें.