पीडीपी-१ चा पडदा

‘जुने गेम आता कुठल्याही लॅपटॉपवर चालतात, मग पाऊण टनाचं धूड कशाला सांभाळायचं?’ असं विचारत संपादकांनी मला कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये धाडलं. प्रश्न रास्त होता.

धूड म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-१ हा संगणक. किंमत त्या काळी सुमारे १,२०,००० डॉलर, बनले जेमतेम पन्नासेक. असाच एक एमआयटीत आला आणि १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रमंडळींनी त्यावर ‘स्पेसवॉर!’ हा गेम लिहिला. सुईसारखं एक यान, पाचरीसारखं दुसरं, मधोमध दोघांना खेचणारा सूर्य. म्युझियममधला पीडीपी-१ स्वयंसेवकांनी दुरुस्त करून २००६ मध्ये लोकांसमोर चालवला. खुद्द रसेलही त्यात होते. इतिहास एवढा पुरे, कारण मी खिळलो तो पडद्यापाशी.

हा पडदा म्हणजे रडारच्या जातीची १६ इंची गोल नळी. टीव्हीसारखं ओळीओळीने चित्र रंगवणं तिला ठाऊक नाही. आडव्या-उभ्या प्रत्येकी १,०२४ घरांपैकी कुठला ठिपका पेटवायचा ते प्रोग्रॅमने सांगायचं, तेही एका वेळी एकच. ठिपक्याला ५० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर २०,००० ठिपके. अख्खी मेमरी १८ बिटांच्या ४,०९६ शब्दांची. तीत चित्र साठवायला जागाच नाही. ते साठतं काचेमागच्या लेपात. इलेक्ट्रॉन आदळले की एक थर निळा चमकून लगेच विझतो. त्या निळ्या उजेडाने दुसरा थर पिवळट हिरवा होतो आणि क्षणभर रेंगाळतो. यान वळलं की मागे विरत जाणारी शेपूट दिसते. लॅपटॉपवर ती मुद्दाम रेखाटावी लागते. इथे कोणी रेखाटलेलीच नाही.

मागचे तारेही खरे आहेत. पीटर सॅमसन यांनी आकाशाच्या नकाशावरून ते उतरवले आणि तेजाप्रमाणे कमी-जास्त उजळ ठेवले. डॅन एडवर्ड्स यांनी गुरुत्वाकर्षण घालायला घेतलं तेव्हा मात्र यंत्राला वेळ पुरेना. मग यानाची आकृती दरवेळी नव्याने उलगडण्याऐवजी खेळ सुरू होतानाच तिच्या थेट यंत्राज्ञा बनवून ठेवायची युक्ती त्यांनी काढली. यानं एकमेकांवर सोडतात त्या टॉर्पेडोंच्या वाट्याला गुरुत्वाकर्षण आलंच नाही. हिशेबाला सवड नव्हती. त्यामुळे सूर्याजवळ तुमचं यान ओढलं जातं आणि शत्रूचा टॉर्पेडो मात्र नाकासमोर येतो. यंत्राच्या तंगीतून निघालेला हा नियम मला खेळातल्या कुठल्याही डावपेचापेक्षा जास्त आवडला.

आता काळजीचं. पीडीपी-१ मध्ये सुमारे २,७०० ट्रान्झिस्टर आहेत, त्या काळचे जर्मेनियमचे; आज ते जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षं बंद राहिले की आतला थर खालावतो आणि एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात. म्हणून दाब थोडाथोडा चढवत त्यांना पुन्हा कामाला लावावं लागतं. म्हणजे यंत्र अधूनमधून चालवायलाच हवं. नळीचं नेमकं उलट! जिथे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा आदळतात तिथला लेप झिजत जातो, आणि या खेळात सूर्य जागचा हलत नाही. अशी नळी आज कुणी बनवत नाही.

चुंबकीय कड्यांची मेमरी त्या मानाने चिवट. वीज गेली तरी ती विसरत नाही. म्हणून कारखान्यातून निघणाऱ्या पीडीपी-१ मध्ये चाचणीसाठी ‘स्पेसवॉर!’च भरून पाठवत, असं सांगतात. तशाच कड्या १९६० मध्ये कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही होत्या. साठच्या दशकाच्या मध्याला तो निवृत्त झाला. आज त्यावर एखादा प्रोग्रॅम चालवून पाहायची सोय नाही.

माउंटन व्ह्यूला ती सोय आहे, कारण बिघाड कुठे झाला ते ओळखणारी माणसं अजून येतात. साठच्या दशकात या यंत्रावर काम केलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत. आराखडे आणि पुस्तिका जपल्या आहेत, प्रोग्रॅमच्या कागदी पट्ट्याही. तरुण स्वयंसेवकांना बिघाड ओळखायला शिकायचं तर चालत्या यंत्रावरच शिकावं लागेल, आणि त्यांच्या सरावाचा प्रत्येक तास त्या एका नळीच्या आयुष्यातून वजा होणार.