अमेरिकेतल्या स्वयंरोजगारांसाठी ‘सेव्हर्स क्रेडिट’

अमेरिकेत स्वतःची टॅक्सी चालवणारे किंवा फ्रीलान्स डिझायनर यांनाही निवृत्तीच्या बचतीवर करसवलत मिळते. आयआरए किंवा सोलो ४०१(के) या निवृत्ती खात्यांत भरलेल्या पहिल्या २,००० डॉलरवर, उत्पन्न पाहून, ५०, २० किंवा १० टक्के रक्कम थेट आयकरातून वजा होते. त्यासाठी रिटर्नला फॉर्म ८८८० जोडायचा.

खरी गंमत मर्यादांमध्ये आहे. २०२५ साठी एकट्या व्यक्तीला ५० टक्क्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा २३,७५० डॉलर. समजा, एखाद्या डिझायनरचं समायोजित उत्पन्न २५,००० आहे. त्यानं वजावट न मिळणाऱ्या रॉथ आयआरएत २,००० भरले तर २० टक्क्यांनी ४०० डॉलर मिळतात. तेच पैसे पारंपरिक आयआरएत वजावटीसह टाकले, की उत्पन्न २३,००० वर उतरतं आणि क्रेडिट १,००० पर्यंत जातं!

अर्थात आयकर ६०० डॉलरच निघाला, तर सूटही तेवढीच. उरलेले परत मिळत नाहीत. १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही यानं कमी होत नाही.

सेप या निवृत्ती योजनेत मालक म्हणून भरलेली रक्कम मात्र या क्रेडिटसाठी धरली जात नाही.

२०२७ पासून या क्रेडिटच्या जागी ‘सेव्हर्स मॅच’ येणार आहे. त्यात सरकारी वाटा थेट निवृत्ती खात्यात जमा होईल.