आखूड नळीची किंमत

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना आपण बंदुकीचे उदाहरण हमखास देतो: गोळी पुढे, बंदूक मागे. मुले मान डोलावतात, विषय संपतो. पण एखादी खरी रायफल घेतली, तर उदाहरण इतके सरळ राहत नाही.

कलाश्निकोव्हची सोव्हिएत रायफल हंगेरीत ‘एके-५५’ या नावाने बनू लागली, तेव्हा ती जवळजवळ नक्कलच होती. ‘एकेएम-६३’मध्ये हंगेरियन अभियंत्यांनी पुढचे लाकडी आवरण काढून छिद्रांचा पत्रा बसवला, त्याखाली दुसरी मूठ दिली. ‘एएमडी-६५’ छत्रीधारी सैनिकांसाठी व रणगाड्यांतील जवानांसाठी होती. वावर अडचणीच्या जागेत, म्हणून दस्ता घडीचा आणि नळी सुमारे ४१ सें.मी.वरून ३२ सें.मी.वर आणलेली.

नळी जवळजवळ चौथाईने घटली, मग गोळीचा वेगही तेवढाच घटला का? नाही. तो सेकंदाला ७१५ मीटरवरून सुमारे ७०० वर आला, इतकेच. दारू जळून झालेल्या वायूचा दाब नळीच्या सुरुवातीच्या भागातच सर्वांत जास्त असतो. गोळी पुढे सरकते तसा वायू प्रसरण पावतो व दाब उतरतो. शेवटच्या नऊ-दहा सेंटिमीटरांत गोळीच्या पदरात फारसे पडत नाही.

मात्र नळी लवकर संपल्याने वायू अधिक दाबाने बाहेर पडतो. जाळ मोठा, आवाज मोठा. आता गणित करू. गोळी ७.९ ग्रॅमची, म्हणजे संवेग सुमारे ५.५ किग्रॅ-मी/से. सव्वातीन किलोची रायफल त्यामुळे सेकंदाला १.७ मीटर वेगाने मागे येईल. प्रत्यक्षात हिसका याहून जास्त बसतो, कारण पुढे धावणारा वायूही बंदुकीला मागे रेटतो. फळ्यावर आपण नेमके हेच विसरतो!

यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाशी दोन कप्प्यांचे जाडजूड टोपण बसवले. वायू त्याच्या आतल्या भिंतींवर आपटून बाजूंनी निसटतो. भिंतींवरचा तो दाब बंदुकीला पुढे ओढतो, म्हणून हिसका कमी होतो. पण वायू बाजूला वळला की दणकाही बाजूला वळतो. नेमबाजाच्या खांद्याचा त्रास शेजारच्याच्या कानांवर गेला, असे म्हणावे लागेल.

पुढची मूठही मॅगझिन बदलताना आड येई. नंतरच्या ‘एके-६३’मध्ये हंगेरीने ती काढून टाकली आणि लाकडी आवरण परत आणले. एएमडी-६५ मात्र २००० नंतरच्या दशकात अफगाण पोलिसांच्या हाती गेली.