जुनी स्विफ्ट, नवी स्विफ्ट: समज आणि आकडे

"भाऊ, जुन्या गाडीचा पत्रा पाय, नवी त नुसता डबा हाय." अकोला-अमरावतीकडे गाडी बदलायची गोष्ट निघाली की हे वाक्य येतंच. त्याच्या अगदी उलट समजही तितकाच पक्का असतो: मॉडेल नवं, म्हणजे ताकद जास्त.

आधी ताकदीचं पाहू. २०२१च्या पेट्रोल स्विफ्टचं चार सिलिंडरचं इंजिन ९० पीएस शक्ती देत होतं. मे २०२४ला आलेल्या स्विफ्टचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे आणि शक्ती ८२ पीएस. सीसी दोन्हींचे ११९७च. म्हणजे नव्या गाडीची ताकद चक्क घटली. पण हे कमाल आकडे इंजिन मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेरे घेतं तेव्हाचे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इतके फेरे कुणी घेत नाही. तिथे कामी येतो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. तो जुनीचा ११३ न्यूटन मीटर, नवीचा ११२. इतका फरक चालवताना कळणारही नाही. एक सिलिंडर कमी झाल्याने इंजिनातलं घर्षण कमी होतं, प्रमाणित अॅव्हरेज २३.२ वरून २४.८ किलोमीटरवर जाण्यात त्याचा वाटा आहे. उभ्या गाडीत थरथर मात्र थोडी जास्त जाणवते.

हे अॅव्हरेज रस्त्यावर मिळतंच असं नाही. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून होते आणि तिच्यात वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही. मे महिन्यात अकोल्यात एसी बंद ठेवून कोण फिरणार? शिवाय आपला राष्ट्रीय महामार्ग ५३ आता मोकळा आहे. जून २०२२मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला म्हणून अॅव्हरेज वाढेल, हा हिशेब वेग वाढला की फसतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. त्यात आजच्या इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी वहीत लिहिलेल्या अॅव्हरेजशी आजची तुलना करणं बरोबर नाही.

आता तो पत्रा. कुर्ल्यात पूर्वी बनणारी प्रीमियर पद्मिनी आजही दणकटपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. तिचं वजन ८९५ किलो. 'डबा' म्हटली जाणारी नवी स्विफ्ट ९०० किलोच्या पुढे आहे! आणि जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हा सगळ्यात घातक समज आहे. पत्रा वाकला नाही तर धडकेचा जोर थेट आतल्या माणसावर येतो. म्हणून नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, माणसांभोवतीचा सांगाडा मात्र मजबूत ठेवतात. किरकोळ धडकेत बंपर फुटला, म्हणजे गाडी कच्ची असं नव्हे. नव्या स्विफ्टच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आहेत. तरी नुसत्या एअरबॅग मोजून भागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या धडक-चाचण्या सुरू आहेत, घ्यायच्या गाडीला त्यात किती तारे मिळाले ते पाहा.

आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, सकाळच्या गारव्यात घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा, भर दुपारी चढावर गाडी चालवून पाहा, मगच पैसे भरा.