लग्न इथे, व्हिसा तिथे

न्यायमूर्ती रानड्यांच्या या निफाडमधली मुलगी एच-वन-बीवर अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न करते, तेव्हा तिला मिळतो एच-फोर, म्हणजे आश्रिताचा व्हिसा. नवऱ्याची नोकरी गेली, तर दोघांनाही जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. घटस्फोट झाला, तर तिच्या व्हिसाचा आधारच संपतो. २०१५ पासून काही एच-फोरधारकांना काम करता येतं, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यावर पोचलेलं लागतं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? परदेशी सुनेला ओसीआय कार्डासाठी नोंदणी केलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. पुढे घटस्फोट झाला, तर तेही रद्द होऊ शकतं.

म्हणून मुलाचा पगार विचारता, तसा मुलीच्या व्हिसाचाही प्रश्न विचारा. लग्नाची नोंदणी करा. दाखला आणि पासपोर्ट मुलीच्याच हाती राहू द्या.