वीतभर रणगाड्याचा रंग

शिवडीच्या एखाद्या चाळींत खिडकीपाशीं पाट मांडून, प्लॅस्टिकचे शेंदोनशें तुकडे एकमेकांस चिकटवून रणगाड्याची प्रतिकृति उभी राहते, तेव्हां पाहणाऱ्याला काम संपलें असें वाटतें. वस्तुतः तें निम्मेंच झालेलें असतें. ती प्रतिकृति रणगाडा वाटावी कीं जत्रेंतलें खेळणें, हें ठरविणारा रंग अजून डबींतच असतो.

या छंदांत महाराष्ट्राला आपुलकीचा वाटावा असा रणगाडा म्हणजे सेंच्युरियन. पूना हॉर्स या रिसाल्याचे नायक लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईंत १९२३ सालीं जन्मले. १९६५ च्या सप्टेंबरांत फिलोऱ्याच्या लढाईंत ते याच जातीच्या रणगाड्यांतून लढले. त्याच रिसाल्यांतील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० चा, पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या रणांत ‘फॅमागुस्ता’ नांवाच्या सेंच्युरियनमध्यें ते धारातीर्थीं पडले. दोघेही परत आले नाहींत. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. अशा गाडीची प्रतिकृति पोपटी आणि चकचकीत झाली, तर ती नुसती हातची चूक म्हणून सोडून देववत नाहीं.

सेंच्युरियनचा सांगाडा साडेसात मीटरांच्या आसपास लांब. पस्तिसांस एक या प्रमाणांत तो वीतभर भरतो. या हिशेबांतली मौज पाहण्याजोगी आहे. ब्रशानें दिलेला थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड झाला, तर खऱ्या गाडीच्या मानानें तो साडेतीन मिलिमीटरांचा लेप ठरतो. इतका लेप मातीच्या चुलीला शोभेल, पोलादाला नव्हे. त्याखालीं बोल्टांचीं डोकीं, सांधे, झांकणांच्या कडा सारें कांहीं बुजून जातें. म्हणून रंग पातळ करणें ही या कामांतली पहिली विद्या. छटा निवडणें त्यानंतरचें.

पातळ कशानें करावें, येथेंच पुष्कळ फसतात. घरगुती भाषेंत ज्याला ऑइल पेंट म्हणतात तो एनॅमल रंग टर्पेंटाइननें पातळ होतो. त्यांत पाणी घातलें तर नासलेल्या दुधाप्रमाणें गांठी होतात. ॲक्रिलिक रंगाला पाणी चालतें, कांहीं जातींना अल्कोहोल अधिक मानवतें. बाटलीवरची सूचना वाचण्याचे श्रम घ्यावेत. तिसरा प्रकार लॅकरचा. त्याचें थिनर फार तीव्र असतें. फर्निचरवाल्यांचें एन. सी. थिनर लोखंडी सामानाच्या दुकानांत स्वस्त मिळतें, म्हणून तेंच कोणी सढळ हातानें वापरतो आणि महिन्याच्या मेहनतीचें प्लॅस्टिक डोळ्यांदेखत मऊ पडून सुरकुततें. रॉकेलचा मोहही टाळावा. तें सावकाश सुकतें आणि मागें तेलकटपणा ठेवतें.

किती पातळ, याचें माप स्वयंपाकघरांतच आहे. वाटी तिरपी केली असतां दूध जसें कडेवरून ओघळून मागें पातळसा पडदा ठेवतें, तसा रंग ओघळला पाहिजे. एअरब्रशला हें माप बरोबर. हातच्या ब्रशाला किंचित् दाट असावा. एका हातांत अंग झांकत नाहीं म्हणून घाबरूं नये. दोन-तीन पातळ हात द्यावे, आणि पहिला पुरता सुकल्यावांचून दुसरा देऊं नये.

आतां छटा. भारतीय सेंच्युरियनचा रंग गडद ऑलिव्ह हिरवा. हिरव्या डबींत शोधण्यापेक्षां तो पिवळ्या मातीच्या रंगांत थोडा काळा घालून करून पाहावा; अमेरिकन सैन्याचा ऑलिव्ह ड्रॅब मुळांत असाच, गेरूच्या जातीची पिवळी माती आणि काळा यांपासून होत असे. काळा थेंबाथेंबानें घालावा, कारण तो चटकन् सर्वांवर मात करतो. १९३१ सालीं गिरगांवांत दांडेकर बंधूंनीं सुरू केलेल्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग या मिश्रणाच्या सरावाला सोयीचे आहेत.

तयार झालेली छटा जशीच्या तशी लावली तर प्रतिकृति काळवंडते. मधल्या हवेमुळें दूरची वस्तु फिकी दिसते, असें याचें कारण कांहीं हौशी मंडळी देतात. पण एक हात अंतरावरून पाहिलेली प्रतिकृति म्हणजे पस्तीस हातांवरचा रणगाडा, आणि तेवढ्या हवेंत रंग उडत नाहीं. खरी गाडी भर उन्हांत उभी असते, प्रतिकृति खोलींतल्या मंद उजेडांत, हें कारण अधिक पटण्याजोगें. उपाय मात्र तोच: रंग थोडा उजळावा. निव्वळ पांढऱ्यानें तो खडूसारखा पडतो. मातकट पिवळा मिसळावा. सबंध गाडीला पुरेल इतकें मिश्रण एकदांच करावें, थेंब मोजून लिहून ठेवावे, आणि पारख दिवसाच्या प्रकाशांत, सुकल्यावर करावी.

अचूक छटेवरून वाद घालणाऱ्यांनीं १९४३ ची एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जर्मन रणगाड्यांना गडद पिवळा रंग कारखान्यांतून येई. वरचे हिरवे व तांबूस पट्टे देण्यासाठीं तुकड्यांना रंगाचा घट्ट लगदा मिळे, आणि तो शिपाई पेट्रोल किंवा पाणी घालून पातळ करीत. दोन गाड्या तंतोतंत सारख्या कशा निघणार! अहमदनगरचें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचें, रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडें आहे. तें अवश्य पाहावें, पण बांधणी पाहण्यासाठीं. प्रदर्शनांतील गाडीचा रंग देखभालीसाठीं पुन्हा दिलेला असूं शकतो.

शिवडीला आणखी एक अडचण आहे, ती खाडीवरच्या दमट हवेची. लॅकर किंवा अल्कोहोलमिश्रित रंग झपाट्यानें सुकतांना पृष्ठभाग थंड होतो आणि बर्फाच्या पेल्याबाहेर जसें पाणी जमतें तशी हवेंतली वाफ त्यावर बसते. रंगावर पांढुरकी छाया येते. जुलै-ऑगस्टांत हें काम उघडीप पाहून दुपारीं करावें, नाहीं तर एनॅमल घेऊन चार दिवस धीर धरावा. खिडकी उघडी, समई आणि गॅस दूर, मुलें बाहेर. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हें सांभाळणें छटेहून महत्त्वाचें.

शेवटीं धूळ. ॲक्रिलिक पुरतें सुकल्यावर टर्पेंटाइनमध्यें अतिशय पातळ केलेलें एनॅमल फटींतून सोडलें तरी खालचा रंग विरघळत नाहीं. चिखल मात्र शिवडीच्या खाडीचा नको. तो काळसर निळा असतो, आणि बसंतरकांठची माती फिकट मातकट. उजळण्यासाठीं केलेला पिवळा थोडा उरलेला असेल, तोच चाकांना चालतो. मूळ मिश्रणाची बाटलीही घट्ट बूच लावून ठेवावी, कारण तोफेच्या नळीवरचा रंग पाहुण्यांच्या बोटांनीं सर्वांत आधीं निघतो.